डिस्नी वर्ल्डच्या सहलीत आजी-आजोबा आणि लहान मुलांसाठी थीम रेस्टॉरंट कशी निवडावीत?

तुम्ही लिहिले आहे की, नाताळाच्या आठवड्यात नाशिकहून तुम्ही सहा जण, म्हणजे तुम्ही दोघे, 4 वर्षांची मुलगी, 9 वर्षांचा मुलगा आणि अंडेही न खाणारे सासू-सासरे, ऑरलँडोच्या डिस्नी वर्ल्डला पाच दिवसांसाठी जात आहात, आणि तिथल्या थीम रेस्टॉरंटांची लांबलचक यादी वाचून त्यांतली कोणती घ्यावीत हे काही केल्या ठरत नाही. मी अटलांटामध्ये राहते. तिथून ऑरलँडो गाडीने साधारण सात तासांवर असल्यामुळे आम्ही आतापर्यंत चार वेळा जाऊन आलो आहोत आणि त्यांपैकी दोन वेळा माझे सासू-सासरे बरोबर होते. त्यामुळे तुमची अडचण मला अगदी जवळून माहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. पार्कमध्ये दिवसभर कोणी राइडवर असते, कोणी बाकावर बसून पिशव्या सांभाळत असते, कोणी रांगेत उभे असते. सगळे कुटुंब समोरासमोर बसते ते फक्त जेवणाच्या तासाला. म्हणून रेस्टॉरंट किती प्रसिद्ध आहे यापेक्षा, तुमच्या टेबलावरची सर्वांत धाकटी आणि सर्वांत थोरली व्यक्ती तो तास-दीड तास कशी घालवेल, याचा विचार करून निवड करावी. मधल्या वयाची माणसे कुठेही रमतात.

धाकटीपासून सुरुवात करते. मिकी, मिनी, गूफी वगैरे पात्रे टेबलापाशी येऊन भेटतात, त्या जेवणाला तिथे कॅरेक्टर डायनिंग म्हणतात. आमची मुलगी 3 वर्षांची असताना आम्ही मोठ्या हौसेने अशा एका जेवणाला गेलो. घरी ती मिकीची बाहुली उशाशी घेऊन झोपत असे, पण तोच मिकी दारापेक्षा मोठे वाटणारे डोके घेऊन, एक शब्दही न बोलता, तिच्या खुर्चीशी येऊन वाकला तेव्हा ती माझ्या ओढणीत शिरली आणि पुढची वीस मिनिटे बाहेर आली नाही. मिकी बिचारा हळूच मागे सरकला आणि लांबून हात हलवत राहिला. मला तेव्हा उमगले की ही पात्रे दोन प्रकारची असतात. पूर्ण मुखवट्याची पात्रे बोलत नाहीत, केवळ हातवारे करतात. राजकन्या मात्र खऱ्या चेहऱ्याच्या असतात, मुलांशी नावाने गप्पा मारतात, फ्रॉकचे कौतुक करतात. मुखवट्याला घाबरणाऱ्या मुलांनाही राजकन्यांची भीती सहसा वाटत नाही. तेव्हा पहिल्या दिवशी पार्कमध्ये मुलीला एखादे मोठ्या डोक्याचे पात्र दुरून दाखवा, ती पुढे धावते की मागे सरते ते पाहा, आणि तिला भीती वाटते असे दिसले तर एपकॉट पार्कमधल्या, नॉर्वे देशाच्या धर्तीवर बांधलेल्या भागातले अकेर्सहूस हे राजकन्यांच्या भेटीचे रेस्टॉरंट निवडा. मॅजिक किंगडम या पार्कमधल्या किल्ल्याच्या आत सिंडरेलाज रॉयल टेबल आहे. तिथे राजकन्या भेटतात, खिडकीतून पार्क दिसते आणि त्या जागेचे अप्रूप खरे आहे, पण पैसेही भरपूर मोजावे लागतात. तुमची मुलगी राजकन्यांच्या गोष्टींत खरोखर बुडालेली असेल तरच तिथे जा.

मुखवट्याच्या पात्रांची भीती नसेल तर माझी पहिली पसंती एपकॉटमधल्या गार्डन ग्रिलला आहे. या रेस्टॉरंटची जमीनच हळूहळू फिरते. बसल्या जागी कधी वाळवंट, कधी पर्जन्यवन, कधी जुने शेतघर खाली सरकताना दिसते, आणि त्याच देखाव्यांमधून जाणाऱ्या राइडच्या होड्याही दिसतात. चिप आणि डेल या खारी आणि मिकी टेबलापाशी येतात. वाढण्याची पद्धत आपल्या पंगतीसारखी आहे, म्हणजे पदार्थ मोठ्या ताटांत टेबलावर येतात आणि संपले की पुन्हा आणतात. बुफेत आजोबांनी काठी सांभाळत ताट घेऊन फिरायचे, किंवा आईने सगळ्यांची ताटे वाढण्यात स्वतः उपाशी राहायचे, हे दोन्ही टळते. शाकाहारी मंडळींसाठी ताट वेगळे आणायला सांगता येते. मॅजिक किंगडमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये पू अस्वल, पिगलेट, टिगर भेटतात आणि लहान मुलांना ते फार आवडतात, पण तिथे बुफे आहे, एवढे लक्षात ठेवा.

आता सासू-सासऱ्यांकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या सहलीतले सर्वांत चांगले जेवण त्यांच्यासाठी निवडलेले असेल आणि तेच मुलांनाही सर्वांत जास्त आवडेल. अॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किदानी व्हिलेज या भागात सना नावाचे रेस्टॉरंट आहे. स्वयंपाक आफ्रिकी आहे, पण हिंदी महासागराच्या काठचा, म्हणजे आपल्या मसाल्यांशी नाते असलेला. इथली ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे. साधा नान, आले-लसणाचा नान, कांदा कुलचा, पनीर पराठा अशा पाच प्रकारच्या रोट्या आणि त्यांच्या बरोबर छोट्या वाट्यांमध्ये नऊ तोंडीलावणी येतात. चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, लसणाचे लोणचे, काकडीचे रायते हे त्यांतले काही प्रकार. चार दिवस बटाट्याचे काप आणि चीज खाऊन कंटाळलेल्या माझ्या सासऱ्यांनी पहिल्या वाटीत बोट बुडवून चाखले, डोळे मिटले आणि म्हणाले, "अगं, ही चिंच आहे." त्याच वेळी काचेपलीकडच्या कुरणावर एक जिराफ मान खाली घालून, पुढचे दोन्ही पाय फाकवून पाणी पीत होता. माझा मुलगा खुर्चीवरून उठून काचेला नाक लावून उभा राहिला आणि आजोबाही हातातला घास तसाच धरून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. झेब्रे, मोठ्या शिंगांची आंकोले गुरे, हरणे, असे काही ना काही त्या कुरणावर फिरत असते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. डिसेंबरमध्ये ऑरलँडोत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधार पडल्यावर प्राणी नीट दिसत नाहीत, म्हणून तिथे दुपारचे जेवण घ्या. आणि आत जाताना खिडकीजवळचे टेबल मिळेल का, असे नम्रपणे विचारा. त्यासाठी दहा-पंधरा मिनिटे जास्त थांबावे लागले तरी थांबा. हे रेस्टॉरंट हॉटेलमध्ये असल्यामुळे तिथे जायला पार्कचे तिकीट लागत नाही. म्हणून पार्कला सुट्टी दिलेल्या विश्रांतीच्या दिवशी ते सर्वांत छान जमते, जेवणानंतर हॉटेलच्या कुरणाकाठी फिरताही येते.

9 वर्षांच्या मुलासाठी जी ठिकाणे सुचवली जातात, त्यांच्याबद्दल थोडे स्पष्ट बोलते. हॉलिवूड स्टुडिओजमधले साय-फाय डाइन-इन थिएटर त्याला वेड लावेल. अंधाऱ्या दालनात जुन्या उघड्या मोटारींमध्ये बसून, समोरच्या पडद्यावर परग्रहवासीयांच्या जुन्या चित्रपटांचे तुकडे पाहत बर्गर आणि मिल्कशेक घ्यायचे. परंतु त्या मोटारींमध्ये सगळे एकामागे एक, पडद्याकडे तोंड करून बसतात. आजी मागच्या सीटवर, नातू पुढच्या सीटवर, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत शिरणे व बाहेर निघणे दोन्ही अवघड. तिथे तुम्ही किंवा तुमचे यजमान, दोघांपैकी एकाने मुलाला घेऊन जावे आणि बाकीच्यांनी त्या वेळी हॉटेलवर आराम करावा, ही व्यवस्था मला अधिक योग्य वाटते. त्याच पार्कमधल्या फिफ्टीज प्राइम टाइम कॅफेत वेटर घरातल्या काका-मावशीसारखे वागतात, कोपर टेबलावर ठेवले तर रागावतात, भाजी संपवल्याशिवाय उठू देत नाहीत. ही कल्पना आपल्या आज्यांना खरे तर फार जवळची आहे, पण सगळी गंमत भराभर बोललेल्या अमेरिकन इंग्रजीत आहे. माझ्या सासूबाईंना प्रत्येक वाक्य समजावून सांगताना वाक्य संपायच्या आत पुढचे वाक्य आलेले असे. संगीत आणि विनोदांचे हूप-डी-डू हे रात्रीचे जेवणही याच कारणाने मी तुमच्या यादीतून काढेन.

मुलासाठी सगळ्यांनी मिळून जायचे असेल तर एपकॉटमधले स्पेस 220 पाहा. 2021 साली ते सुरू झाले. बंद लिफ्टसारख्या खोलीत उभे राहायचे, पायाखालच्या आणि डोक्यावरच्या गोल खिडक्यांमधून पृथ्वी दूर जाताना दिसते आणि दार उघडते ते 220 मैल उंचीवरच्या अवकाशस्थानकात, जिथल्या मोठ्या खिडक्यांपलीकडे अंतराळवीर तरंगत असतात. इथे भाषेची अडचण येत नाही, बघण्यातच सगळे येते. जेवण ठरावीक किमतीचे आणि महाग आहे, त्यामुळे एकदाच, आणि तेही दुपारचे घ्यावे.

डिस्नी स्प्रिंग्ज या बाजारभागातल्या रेनफॉरेस्ट कॅफे आणि टी-रेक्स या दोन जागांचे नाव तुम्हाला बरेच जण सुचवतील. तिथे ठरावीक वेळाने विजा कडाडतात, प्राणी डरकाळ्या फोडतात, दिवे बंद-चालू होतात. कान नाजूक असलेल्या वृद्धांना आणि दमलेल्या लहान मुलांना घेऊन मी तिथे जाणार नाही.

शाकाहाराबद्दल एक महत्त्वाची गोष्ट आहे, जी मला पहिल्या खेपेला कोणी सांगितली नव्हती. तिथे व्हेजिटेरियन म्हटले की अंडे चालते असे गृहीत धरतात, आणि सूपमध्ये कोंबडीचे पाणी असले तरी वर मांसाचा तुकडा नसला की काही जण ते शाकाहारी समजतात. आमच्या ताटात एका ठिकाणी असे सूप आले होते, आणि सासूबाईंनी चमचा तोंडाजवळ नेलेला असताना मला ते कळले. त्यानंतर मी शाकाहारी हा शब्द वापरणेच सोडले. डिस्नीच्या मेन्यूंवर 2019 पासून प्लांट-बेस्ड पदार्थांपुढे पानाचे छोटे चिन्ह असते. त्या पदार्थांत मांस, अंडे, दूध आणि मध यांपैकी काहीही नसते, म्हणून अंडे न खाणाऱ्यांसाठी ते चिन्ह सर्वांत भरवशाचे आहे. दूध-दही-तूप सासू-सासऱ्यांना चालतेच, तेव्हा पानाचे चिन्ह असलेला पदार्थ घेऊन त्यावर चीज किंवा दही वेगळे मागता येते. बुकिंग करताना आहाराची नोंद करा आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा एकदा सांगा. बरेचदा शेफ स्वतः येऊन काय करता येईल ते विचारतात. कॅरेक्टरांच्या न्याहारीत अंडी, मांस आणि अंडे घातलेले वॉफल यांचाच भरणा असतो, त्यामुळे आजी-आजोबांच्या दृष्टीने दुपारचे जेवण न्याहारीपेक्षा बरे पडते. पार्कमध्ये घरचे खाणे नेता येते, काचेची भांडी तेवढी नकोत. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेत असू. तुम्ही नाशिकहून लाडू-चिवडा आणाल तर अमेरिकेच्या विमानतळावर खाद्यपदार्थ आणल्याचे जाहीर करायला विसरू नका.

बुकिंग 60 दिवस आधी उघडते. तुमचा पार्कमधला पहिला दिवस 22 डिसेंबर धरला तर 23 ऑक्टोबरला ऑरलँडोच्या घड्याळाप्रमाणे पहाटे सहाच्या सुमारास, म्हणजे भारतात दुपारी साडेतीनच्या सुमारास, फोन किंवा संगणक घेऊन बसा. डिस्नीच्याच हॉटेलात राहणार असाल तर त्याच दिवशी पुढच्या दहा दिवसांपर्यंतचे सगळे बुकिंग करता येते. नाताळाच्या आठवड्यात सहा जणांचे एक टेबल मिळणे सोपे नसते, म्हणून सर्वांत आधी ते ठिकाण घ्या ज्यावाचून मुलीचा हिरमोड होईल, आणि सना त्यानंतर लगेच.

खर्चाचा अंदाज घेताना मेन्यूवरचा आकडा शेवटचा समजू नका. कॅरेक्टरांच्या जेवणाला मोठ्या माणसाला साधारण 50 ते 70 डॉलर पडतात, किल्ल्यात त्याहून जास्त. त्यावर साडेसहा टक्के कर लागतो आणि सहा किंवा अधिक जणांच्या बिलात 18 टक्के टिप आपोआप धरली जाते, म्हणजे तुमच्या बिलात ती असणारच. वेगळी टिप पुन्हा देऊ नका. 3 ते 9 वर्षांच्या मुलांना कमी दर असतो आणि 10 पासून मोठ्यांचा दर लागतो. मुलाचा दहावा वाढदिवस सहलीच्या आधी येत असेल तर हिशेब बदलेल.

पाच दिवसांत बसून खाण्याची अशी जेवणे तीनपेक्षा जास्त घेऊ नका. प्रत्येकाला जाण्यायेण्यासह दोन तास सहज लागतात. बाकीच्या वेळी फोनवरून ऑर्डर करून घेण्याची ठिकाणे पुरेशी चांगली आहेत. अॅनिमल किंगडम या पार्कमधल्या सातुली कँटीनमध्ये धान्य, भाज्या आणि टोफू घातलेला मोठा वाडगा मिळतो, तो माझ्या सासऱ्यांनी दोन दिवस सलग खाल्ला. तुमच्यासाठी मी गार्डन ग्रिल किंवा अकेर्सहूस यांपैकी एक, सना, आणि मुलासाठी स्पेस 220 अशी तीन जेवणे ठरवेन, तिन्ही दुपारची. गार्डन ग्रिल, अकेर्सहूस आणि स्पेस 220 एकाच पार्कमध्ये असल्यामुळे एपकॉटला दोन दिवस द्यावे लागतील, आणि त्या पार्कमध्ये आजी-आजोबांना सावलीत बसून पाहण्यासारखे बरेच काही असल्यामुळे ते वाया जात नाहीत.

दिवस ठरवताना झोपेचा विचार करा. भारत आणि फ्लोरिडा यांच्यात डिसेंबरमध्ये साडेदहा तासांचे अंतर असते. पहिले दोन-तीन दिवस मुले पहाटे तीनला टक्क जागी होतात आणि संध्याकाळी पाचला वाढलेल्या ताटावर मान टाकतात. त्या दिवसांत रात्रीचे कोणतेही बुकिंग करू नका, आणि दुपारचेही शक्य तितके लवकरचे, साडेअकराच्या आसपासचे घ्या.