ब्रॉन्ब्यूतला ‘ब्यू’ आणि आपल्या सोसायटीचे ‘बायलॉ’

प्रश्न असा आला आहे. लेक-जावई कोपनहेगनच्या पश्चिमेला ‘ब्रॉन्डबी’ नावाच्या उपनगरात राहतात. तिकडच्या लोकलमध्ये बसले की एक स्टेशन ‘बी’वर संपते, तर दुसरे ‘रुप’वर. जावयाचे म्हणणे, हा ‘बी’ आणि आपल्या हाउसिंग सोसायटीच्या ‘बायलॉज’मधला ‘बाय’ एकच. हे खरे की सासूबाईंना लावलेली थाप? शिवाय नातू पन्नासला ‘हॅल्त्रेस’ म्हणतो आणि त्याचा अर्थ म्हणे ‘अर्धा तिसरा’. तो काय प्रकार?

थाप नाही. जावई अभ्यास करून बोलले आहेत.

आधी उच्चार. पाटीवर ‘बी’सारखे दिसते, पण डॅनिश माणूस ‘बी’ म्हणत नाही. जीभ ‘ई’साठी ठेवायची आणि ओठ ‘ऊ’साठी काढतो तसे गोल करायचे, मग जे निघते ते. देवनागरीत ‘ब्यू’ हे त्याच्या जवळचे. वर शेवटी घशात आवाज किंचित अडकवायचा. ‘ब्रॉन्ड’मधला ड खाऊन टाकायचा. म्हणजे ब्रॉन्ब्यू. गिळलेल्या अक्षरांची ही भाषा शिकणाऱ्यांना रडवते. शब्दाच्या शेवटी येणारा त्यांचा मऊ ‘ड’ तर परक्या कानाला चक्क ‘ल’ वाटतो.

‘ब्यू’ म्हणजे गाव. आज डॅनिशमध्ये शहरालाही हाच शब्द आहे, आणि खेडे म्हणायचे तर ‘लान्सब्यू’. ‘ब्रॉन्ड’ म्हणजे विहीर, तेव्हा तुमच्या लेकीचा पत्ता विहीरगाव असा झाला. मुळात ही दोन खेडी होती, पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे. ती दिशांची नावे ‘ऑस्टर’ आणि ‘व्हेस्टर’ अशी शेपटी लावून अजून टिकली आहेत. समुद्राकडेचे ‘ब्रॉन्ब्यू स्ट्रँड’ मात्र अलीकडचे, १९७०च्या आसपास उंच इमारती उभारून वसवलेले. व्हॉट्सॲपवर विमानातून काढलेला एक फोटो फिरत असतो, हिरव्या गवतात मांडलेल्या गोल गोल चकत्या आणि प्रत्येक चकतीत पाचरीसारख्या बागा. तेही इथलेच, ‘ब्रॉन्ब्यू हॅवब्यू’. ‘हॅव’ म्हणजे बाग, म्हणून बागगाव. लोक उन्हाळ्यात तिथल्या छोट्या घरांत राहायला जातात.

आता ‘रुप’. याचे जुने रूप ‘टोर्प’, म्हणजे मूळ गावातून फुटून थोड्या अंतरावर वसलेली वस्ती. याला मराठीत नेमका शब्द आहे, वाडी. ब्यू म्हणजे गाव आणि टोर्प म्हणजे वाडी, हे समीकरण मला कोणत्याही कोशातल्या व्याख्येपेक्षा पटते, कारण वाडीसारखेच टोर्पच्या आधीही बरेचदा एखाद्या माणसाचे नाव असते. ‘टोर्प’चे ‘ट्रुप’ कसे झाले? जसे आपल्याकडे नुकसानचे ‘नुस्कान’ झाले, अगदी तसेच, अक्षरांची अदलाबदल होऊन. मग पुढचा ‘ट’ही कुठे कुठे गळला. ग्लोस्ट्रुप, टॉस्ट्रुप, बॅलरुप ही सगळी त्याच घराण्यातली. तुमचे विमान जिथे उतरले ते कास्ट्रुपसुद्धा वाडीच.

विमानतळाच्या दक्षिणेला ‘स्टोर मावलब्यू’ नावाचे एक गाव आहे. ‘स्टोर’ म्हणजे मोठे. ‘मावल’ हा आता एकटा न वापरला जाणारा जुना शब्द, त्याचाही अर्थ मोठे, आणि तो आपल्या ‘महा’चा दूरचा भाऊबंद. जुन्या शब्दाचा अर्थ लोक विसरले आणि धाकट्या मावलब्यूपासून वेगळे ओळखता यावे म्हणून पुढे पुन्हा ‘मोठे’ जोडले. थोडक्यात, महागाव बुद्रुक.

लोकलच्या नकाशाकडेही एकदा नीट बघा. १९४७ साली कोपनहेगनच्या वाढीचा आराखडा झाला तो हाताच्या पंजासारखा. जुने शहर हा तळवा, आणि लोकलच्या पाच मार्गांवर पाच बोटे. वस्ती बोटांवर करायची आणि बोटांमधल्या फटीत शेती, रान, मोकळी जमीन राखायची. म्हणूनच आराखड्याचे नावही ‘बोटांची योजना’. ब्रॉन्ब्यूची हद्द दोन बोटांवर पसरली आहे. जुनी खेडी रोस्किले शहराकडे जाणाऱ्या बोटाजवळ, आणि स्ट्रँड क्यूय शहराकडच्या बोटाजवळ. योजनाकारांनी रिकाम्या नकाशावर काही आखले नाही. बोटे पडली ती आधीच असलेल्या ब्यू आणि टोर्प यांच्यावरच, म्हणून हजार वर्षांपूर्वीची गावठाणे आज स्टेशनांच्या पाट्यांवर वाचता येतात.

उपनगराला डॅनिश शब्द ‘फोरस्टॅड’. यातला ‘फोर’ म्हणजे पुढे, संस्कृत ‘पुरः’चा नातलग, आणि ‘स्टॅड’ हा ‘स्थिति’चा. आपल्याकडचा ‘प’ तिकडे ‘फ’ होतो, पितरचा ‘फार’ आणि पादाचा ‘फोड’, हा नियम प्रथम मांडणाऱ्यांत रास्मुस रास्क हा डॅनिश पंडित होता, १८१८च्या ग्रंथात. पुढे १८२०मध्ये तो मुंबईत येऊन पारशांच्या धर्मग्रंथांची हस्तलिखिते गोळा करून गेला. ती आजही कोपनहेगनमध्ये आहेत.

याच हिशेबाने ‘ब्यू’चे मूळ शोधले तर ते ‘राहणे’ या अर्थाच्या क्रियापदात सापडते. आजही ‘मी ब्रॉन्ब्यूत राहते’ म्हणताना तुमची लेक जे ‘बो’ वापरते, तेच. आणि त्याच्याही मुळाशी जो धातू आहे तो संस्कृतात ‘भू’. भवन आणि ब्यू एकाच धातूचे. दादरचे एखादे भवन आणि कोपनहेगनचे उपनगर, दोघांचे आडनाव एक.

आता बायलॉ. नवव्या शतकात डॅनिश फौजा इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात शिरल्या आणि बरेच जण तिथेच शेती करून राहिले. त्यांनी गावांना आपली नावे दिली. व्हिटबी, ग्रिम्सबी ही त्यांचीच. डर्बीचे आधीचे इंग्रजी नाव नॉर्थवर्दी असे होते, डॅनिश लोकांनी त्याचे ‘हरणांचे गाव’ केले. (महालक्ष्मीला डर्बी लागते तेव्हा घोडे हरणांच्या गावाच्या नावाने धावत असतात, हे तिथे कुणाला सांगू नका.) टोर्पही गेले, इंग्रजीत ते ‘थॉर्प’ झाले, जसे स्कन्थॉर्प. रग्बी मात्र फसवे आहे. तिथे मुळात जुन्या इंग्रजीतला ‘गढी’ अर्थाचा शब्द होता, शेजारच्या ‘बी’वाल्या गावांच्या संगतीने त्याचेही ‘बी’ झाले.

या गावांत गायरान कुणी कधी वापरायचे, कुंपण कुणी दुरुस्त करायचे, असले तंटे गावकरीच बसून मिटवत. त्या गावनियमांना ‘बिरलॉ’ म्हणत. ‘बिर’ म्हणजे तोच ‘ब्यू’. आणि ‘लॉ’ हा शब्दही इंग्रजीने याच लोकांकडून घेतलेला, मूळ अर्थ ‘घालून दिलेले’. मराठीतही नियम ‘घालूनच’ देतात, हे मला फार आवडते. बहुतेक कोशकार ‘बायलॉ’ची वंशावळ इथेच नेऊन पोचवतात. पुढे गावपंचायती गेल्या आणि इंग्रजांनाच तो ‘बाय’ आपला रोजचा, ‘बाजूचा, दुय्यम’ या अर्थाचा वाटू लागला. मग मराठीत भाषांतर करायची वेळ आली तेव्हा आपण सरळ ‘उप’ लावून ‘उपविधी’ केले. शब्द सरकारी कामकाजात रुळला आहे, तो बदला असे मी म्हणणार नाही. पण व्युत्पत्तीने पाहिले तर तो ‘गावविधी’ व्हायला हवा होता. पार्किंग, गळती आणि कुत्र्यांवरून सर्वसाधारण सभेत जे भांडण होते, ते गायरान आणि कुंपणाचेच पुढचे रूप आहे, म्हणून तर अधिकच. गंमत म्हणजे खुद्द डेन्मार्कमध्ये संस्थेच्या नियमांना हा शब्द नाही. तिथे त्यांना ‘व्हेटेक्टर’ म्हणतात.

राहिला नातू. ‘हॅल्त्रेस’ हे लांबलचक शब्दाचे आटलेले रूप आहे. पुरा अर्थ ‘अर्धा-तिसरा वेळा वीस’. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा, म्हणजे अडीच. अडीच गुणिले वीस, पन्नास. हसण्याआधी आपला ‘अडीच’ उलगडून बघा. तो ‘अर्धतृतीय’पासून आला आहे, शब्दशः अर्धा-तिसरा! ‘अर्धचतुर्थ’चे आपल्याकडे ‘औट’ झाले, साडेतीन. औट हात देह म्हणतात तो हाच, आणि जुन्या शाळांत औटकीचा पाढा होता. डॅनिशमध्ये सत्तरला ‘हॅल्फ्येर्स’ म्हणतात, म्हणजे औट विसा. नव्वदला ‘हॅल्फेम्स’, म्हणजे साडेचार विसा. पंचावन्नसाठी ते आपल्यासारखेच आधी पाच म्हणतात, मग पन्नास. ज्यांच्या आजीने अंडी किंवा नारळ विसांनी मोजले, त्यांना यात अवघड काही नाही.

फक्त घड्याळाच्या बाबतीत सांभाळा. नातवाने ‘हॅल त्रे’ला फोन करतो म्हटले, तर ‘अर्धा’ आणि ‘तीन’ ऐकून साडेतीनची वाट बघत बसू नका. तो अडीचला करेल.