सातव्या हिश्शाची नदीसफर

नमस्कार,

तुमचं वय ६४, निवृत्त आहात, महायुद्धाच्या इतिहासाचा जुना नाद आहे. पॅरिसहून सेन नदीने नॉर्मंडीकडे जाणारी आठ दिवसांची क्रूझ मनात भरली आहे. खर्च तुमच्या एकूण ठेवींच्या सातव्या हिश्शाएवढा. सोबत येणारा मित्र गळाला, आणि ‘लवकर बुकिंग’ची सवलत महिनाअखेर संपते आहे. मुदत ठेव मोडू का, असं तुम्ही विचारता.

मोडू नका. सातवा हिस्सा जड आहेच, पण आयुष्यभराच्या हौसेला मी तेवढ्यावरून अडवलं नसतं. ज्यासाठी तुम्ही एवढे पैसे मोजताय, ते या क्रूझमध्ये फार थोडं आहे.

तुम्ही पाठवलेला कार्यक्रमच बघा. माहितीपत्रकावर ओमाहा बीचचा फोटो (दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ला, मित्रराष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीत उतरलं त्या किनाऱ्यांपैकी एक), पण बीच समुद्राकाठी आणि बोट नदीत. बोट नदीकाठच्या रुआँ शहराला थांबते, तिथून बसने किनाऱ्यावर. जाऊन-येऊन चार-पाच तास रस्त्यावरच. म्हणजे ६ जून १९४४च्या वाट्याला आठांपैकी एक दिवस, तोही अर्धामुर्धा. बोटीतून खरोखर जवळून दिसणारं युद्धस्थळ वेगळंच आहे: लेझांदली गावच्या कड्यावरचा शातो गाइयार. इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्डने बांधलेला हा किल्ला १२०४मध्ये फ्रान्सच्या राजाने वेढा घालून जिंकला. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही.

आता एकट्याचा अधिभार. बोटीतली केबिन दोघांची धरलेली असते, म्हणून एकट्या प्रवाशाकडून जादा घेतात. तुमच्या कोटेशनमध्ये तो मूळ भाड्याच्या ६० टक्के आहे, सवलत १० टक्के. दहा वाचले या आनंदात साठ विसरले जातात. शिवाय मुदतीआधी ठेव मोडल्यावर व्याज कापलं जाईल ते निराळंच.

करारातलं पाण्याच्या पातळीचं कलमही वाचा. अशा करारांत नदीची साथ नसेल तर बसने नेण्याची मुभा कंपनीने सहसा स्वतःकडे ठेवलेली असते, आणि तेवढ्यावर पूर्ण परतावा मिळेलच असं नाही. हे नुसतं कागदावरचं भय नाही. जून २०१६मध्ये पॅरिसला सेनला पूर आला तेव्हा जलवाहतूक थांबवावी लागली होती. उलट २०१८ आणि २०२२मध्ये जर्मनीतली ऱ्हाईन नदी आटली.

तुमच्या जागी मी नॉर्मंडीतल्या बायू गावी चार-पाच रात्री मुक्काम केला असता. पॅरिसहून ट्रेनने दोन-अडीच तास, किनारे जवळ, दिवसभराच्या गाइडेड टूर तिथूनच निघतात. जवळच्या आरोमांशला मित्रराष्ट्रांनी उभारलेल्या कृत्रिम बंदराचे अवशेष ओहोटीला नीट दिसतात. तिथे घड्याळ बघत बसकडे धावावं लागू नये.

नदीच हवी असेल तर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवरच्या विक्सबर्गचा विचार करा. अमेरिकी यादवी युद्धातली तिथली लढाई नदीच्या ताब्यासाठीच होती: ४७ दिवसांचा वेढा, ४ जुलै १८६३ला शरणागती. रणभूमीचं राष्ट्रीय उद्यान गावाला लागून आहे. (गंमत म्हणजे १८७६मध्ये मिसिसिपीने पात्र बदललं आणि गावालाच सोडून गेली, आज बोटी लागतात त्या कालव्यात.) पण तो खर्च आणखी मोठा, तेव्हा सोबती मिळाल्याशिवाय नको.

तुमची ठेव मार्चमध्ये पिकते. तेव्हा बायूचं बुकिंग करा, सप्टेंबरचं. ६ जूनच्या आसपास तिथे स्मृतिसोहळे असतात, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग.