‘मुक्त पतन’ नेमकं कशापासून मुक्त?

प्रश्न असा आहे: फेलिक्स बाउमगार्टनर या ऑस्ट्रियन स्कायडायव्हरने २०१२ साली फुग्याने वर जाऊन मारलेल्या उडीवरील एका मराठी लेखात ‘४ मिनिटे २० सेकंदांचे मुक्त पतन’ आणि ‘ताशी १,३५७ किलोमीटर हा अंतिम वेग’ असे शब्द आले आहेत. हवेला कापत पडणाऱ्या माणसाला ‘मुक्त पतन’ लावता येतं का? ‘पतन’ म्हटलं की अधःपतनच आठवतं, त्याचं काय? आणि ‘अंतिम वेग’ बरोबर आहे का?

मधली शंका आधी घेतो, कारण तिचं उत्तर लहान आहे. ‘पतन’ हा शब्द नीतीच्या संदर्भात वापरून वापरून मळला आहे, हे खरं. पण त्याचाच सख्खा भाऊ ‘पात’ पाहा. उल्कापात, हिमपात, जलप्रपात या शब्दांत कोणाच्याही चारित्र्याचा संबंध येत नाही. मुळातल्या संस्कृत ‘पत्’ धातूचे तर दोन अर्थ आहेत, पडणे आणि उडणे. पतंग त्यातूनच आला, आणि पंखाला ‘पतत्र’ही त्यामुळेच म्हणतात. पडता पडता उडणाऱ्यांच्या खेळाला याहून नेमका धातू सापडणार नाही. तेव्हा ‘पतन’वर माझा आक्षेप नाही. खरी अडचण ‘मुक्त’ या शब्दात आहे.

शाळेच्या पुस्तकात मुक्त पतनाची व्याख्या काटेकोर असते. वस्तूवर गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरं कोणतंही बल नसेल, तरच ते मुक्त पतन. तिथे ‘मुक्त’ म्हणजे इतर बलांपासून, मुख्यतः हवेच्या रोधापासून मुक्त. स्कायडायव्हिंग करणारे ‘फ्री फॉल’ म्हणतात तेव्हा त्यांना हवेशी काही देणंघेणं नसतं. छत्री उघडेपर्यंतचा सगळा वेळ त्यांच्या लेखी फ्री फॉल. त्यांचं ‘फ्री’ छत्रीपासून आहे. इंग्रजीत एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. मराठीत आपण दोन्हींना ‘मुक्त पतन’ म्हणालो, तर पुस्तकातली व्याख्या आणि बातमीतलं वाक्य एकमेकांना खोटं पाडतात.

बाउमगार्टनरच्या उडीत हे दोन्ही अर्थ सेकंदांच्या हिशेबाने वेगळे करून दाखवता येतात. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलजवळ तो ३८,९६९ मीटर उंचीवर, फुग्याला टांगलेल्या कुपीतून बाहेर पडला. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या अडीचशेव्या हिश्शाहूनही कमी असते आणि गुरुत्वत्वरण सुमारे ९.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. ३४ व्या सेकंदाला त्याने आवाजाचा वेग ओलांडला. त्या थरात आवाजाचा वेग सेकंदाला ३०५ मीटरच्या आसपास असतो. हवा मुळीच नसती, तर ३४ सेकंदांत त्याचा वेग सेकंदाला ३३० मीटर झाला असता. म्हणजे तोवर हवेने जेमतेम २५ मीटर प्रति सेकंद एवढाच वेग खाल्ला होता. हा साधारण अर्ध्या मिनिटाचा भाग पुस्तकी अर्थानेही जवळजवळ मुक्त पतन होता, आणि त्या काळात शरीराला वजन जवळपास जाणवत नाही. ५० व्या सेकंदाला मात्र हिशेब बदलला. हवेशिवाय ४८५ व्हायला हवे होते, प्रत्यक्षात ३७७ झाले. पुढची साडेतीन मिनिटं हवा त्याला तोलून धरत होती. त्याला आपलं पूर्ण वजन जाणवत होतं, फक्त ते जमिनीऐवजी वाऱ्याच्या गादीवर टेकलेलं होतं.

उलट, अंतराळ स्थानकातला माणूस महिनोन् महिने खाली येत नाही, तरी पुस्तकी अर्थाने तो सतत मुक्त पतनातच असतो. त्याच्या तरंगण्याचं कारण तेच आहे. (मुक्तिवेगातलं ‘मुक्त’ तर आणखी तिसरंच. सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग मिळाला, तर पृथ्वीच्या ओढीतून सुटका. मुक्त पतनात नेमकी ती ओढच तेवढी शिल्लक असते.)

म्हणून माझा सल्ला असा की ‘मुक्त पतन’ भौतिकशास्त्रासाठी राखून ठेवावं. खेळाबद्दल लिहिताना सरळ ‘फ्री फॉल’ लिहावं, वाचकाला तो कळतो. किंवा नाम सोडून क्रियापद वापरावं: ‘छत्री उघडेपर्यंत तो ४ मिनिटे २० सेकंद पडत होता.’

आता ‘अंतिम वेग’. हा शब्द इथे सरळ चुकीचा आहे, आणि तोही दोन प्रकारे. एक म्हणजे गतीच्या समीकरणांत ‘सुरुवातीचा वेग’ आणि ‘अंतिम वेग’ ही जोडी आधीच ठरलेली आहे. तिथे अंतिम म्हणजे मोजणी थांबते त्या क्षणीचा. दुसरं असं की १,३५७ हा आकडा शेवटचा नव्हताच. ती कमाल होती, सुमारे २८ किलोमीटर उंचीवर गाठलेली. त्यानंतर वेग उतरतच गेला.

‘अंतिम वेग’ हे ज्या संज्ञेचं भाषांतर म्हणून आलं, ती टर्मिनल व्हेलॉसिटी म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो वाढत वाढत वजनाइतका झाला की त्वरण शून्यावर येतं आणि तिथे वेग स्थिरावतो. पोटावर आडवं पडणाऱ्या माणसासाठी जमिनीजवळ हा वेग ताशी १९५ किलोमीटरच्या आसपास असतो. विहिरीत सूर मारावा तसं डोकं खाली केलं, तर बराच जास्त. घनता कमी झाली की हाच आकडा वर चढतो, घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. ढोबळ हिशेबाने १० किलोमीटरवर ताशी ३३५, २० वर ७२५, २८ वर १,३६० आणि ३९ वर तीन हजारांपुढे. आवाजाच्या वेगाजवळ रोध एकदम वाढतो आणि शरीराभोवती दाब राखणाऱ्या दाबपोशाखामुळे वजनही वाढतं, त्यामुळे हे आकडे अंदाजाचेच समजावेत.

पडणाऱ्याचा वेग शून्यापासून वर चढत असतो आणि हा आकडा वरून खाली उतरत असतो. दोघांची गाठ पडते तिथे उडीतला कमाल वेग. पुढे घनता इतकी भराभर वाढते की माणसाचा वेग त्या त्या उंचीच्या आकड्यापेक्षा किंचित जास्तच राहतो, आणि म्हणून मंदन चालू राहतं.

इथे ‘सीमांत वेग’ हा पर्यायही थोडा लंगडतो. लॅटिनमधल्या ‘टर्मिनस’ला हद्द आणि शेवट असे दोन्ही अर्थ होते. ‘अंतिम’ने शेवट उचलला, ‘सीमांत’ने हद्द. हद्द हा अर्थ पुष्कळ बरा, पण या वेगापलीकडे जाता येत नाही असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात छत्री उघडते त्या क्षणी नवा टर्मिनल वेग सेकंदाला साधारण पाच मीटर असतो आणि माणूस पंचावन्नने येत असतो, म्हणजे हद्दीच्या अकरा पट. तो हिसका त्या फरकाचाच. म्हणून मला ‘समतोल वेग’ हा शब्द सर्वांत नेमका वाटतो. वजन आणि रोध यांचा तोल साधणारा वेग, मग आपण त्याच्या वर असू वा खाली. पाठ्यपुस्तकासाठी लिहीत असाल तर ‘सीमांत वेग’ चालेल. लेखातल्या त्या वाक्यात मात्र ‘कमाल वेग’ एवढंच हवं होतं.

याच उडीच्या वर्णनात ‘फ्लॅट स्पिन’साठी ‘सपाट फिरकी’ असंही वाचायला मिळतं. फिरकी म्हटलं की गोलंदाज आठवतो. शरीर आडवं राहून आपल्याच मध्याभोवती गरगरतं, तेव्हा ‘आडवी भिंगरी’ म्हणावं. विरळ हवेत हातपाय पसरूनही टेकू मिळत नाही, म्हणून ही भिंगरी सुरू होते आणि रक्त डोक्याकडे फेकलं जातं. ती रोखायला लहान स्थिरक छत्री लावतात. अमेरिकी हवाई दलाच्या जोसेफ किटिंगरने १६ ऑगस्ट १९६० ला ३१,३०० मीटरवरून येताना ती वापरली होती. गूगलमधल्या अ‍ॅलन यूस्टेसनेही २४ ऑक्टोबर २०१४ ला ४१,४१९ मीटरवरून येताना वापरली. म्हणून विक्रमांच्या नोंदीत स्थिरक छत्रीसह आणि तिच्याविना असे दोन वेगळे रकाने असतात. मराठीत लिहितानाही हा फरक सांगायलाच हवा, नाहीतर यूस्टेस जास्त उंचावरून आला तरी अंतराचा एक विक्रम बाउमगार्टनरकडे कसा, हे कोडं वाचकाला सुटत नाही.

आणि यूस्टेसने ‘उडी मारली’ असं लिहू नये. त्याला कुपी नव्हतीच. तो पोशाखानिशी फुग्याखाली टांगलेला होता आणि एका छोट्या स्फोटाने दुवा तोडून त्याला मोकळं केलं गेलं. उडीला पायाखाली काहीतरी लागतं. तो सुटला.