डिशच्या कामाला लागलास, तर हे शब्द आधी समजून घे

शब्द पाठ करत बसू नको बाबा, आधी माळवदावर चढ. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंच आहे. पृथ्वीच्याच गतीनं फिरतो, म्हणून आपल्याला एकाच जागी दिसतो. याला म्हणतात भूस्थिर कक्षा. लातूरहून तो आग्नेयेला, साधारण ६० अंश वर येतो. दिशेचा कोन म्हणजे अझिमथ, उंचीचा एलेव्हेशन. ऑफसेट डिश, म्हणजे जिची दांडी मधून नाही तर खालच्या कडेतून पुढं येते ती, मात्र डोळ्याला कमी कललेली दिसते, फसू नको.

जमिनीवरून उपग्रहाकडं वर जातो तो सिग्नल अपलिंक, खाली येतो तो डाउनलिंक. मधे सिग्नल घेऊन, फ्रिक्वेन्सी बदलून, ताकद वाढवून परत पाठवणारा उपग्रहातला भाग म्हणजे ट्रान्सपॉन्डर.

आता एलएनबी, म्हणजे डिशसमोर दांडीच्या टोकाला असते ती डबी, कारण तक्रारी इथंच येतात. डिशनं गोळा केलेला कु बँडचा (उपग्रह टीव्हीच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचा) सिग्नल ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. तो केबलमधून लांब नेला तर वाटेतच मरतो. एलएनबी त्याची फ्रिक्वेन्सी उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये आणते. ती गोल फिरवून बसवतात तो स्क्यू. पोलरायझेशन, म्हणजे सिग्नलच्या लहरी उभ्या की आडव्या ते, जुळलं नाही तर चॅनल गायब.

मीटरवर स्ट्रेंग्थ, म्हणजे सिग्नलची नुसती ताकद, बघून खाली उतरू नको. मीही सुरुवातीला तेच करायचो, न्‌ संध्याकाळी त्याच घरी परत जायचो! क्वालिटी, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ येतो ते, बघ. मृगाच्या धो-धो पावसात चित्र अडकलं तर नट पिळत बसू नको. कु बँडला पाऊस नडतोच, याला रेन फेड म्हणतात. पाऊस ओसरू दे, मग मीटर लाव.