केशरी रेशन कार्ड आहे, तरी दुकानदार धान्य देत नाही. असं का?

तुम्ही लिहिलंय की कार्ड सुरगाण्याचं आहे, राहता सातपूरला भाड्याने, आणि घरात चार माणसं. कार्ड गावाकडचं आहे ही अडचणच नाही. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे नाशकातल्या कुठल्याही स्वस्त धान्य दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं.

खरी गोम रंगात आहे. केशरी कार्ड म्हणजे धान्य मिळणारच असं नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली दोनच गट येतात. अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, घरामागे महिन्याला ३५ किलो, आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. केशरीवाल्यांपैकी ज्यांचं वार्षिक उत्पन्न शहरात ५९ हजारांच्या, खेड्यात ४४ हजारांच्या आत, त्यांनाच प्राधान्य यादीत घेतात. कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का आहे का, आधी बघा. असेल तर तुमचे २० किलो होतात, तेही फुकट. २०२३पासून गहू-तांदळाला पैसे लागत नाहीत.

शिक्का नसेल तर उत्पन्नाचा दाखला घेऊन सुरगाणा तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या. इष्टांक, म्हणजे यादीत किती जणांना घ्यायचं ती ठरलेली मर्यादा, भरलेला असला की अर्ज पडून राहतो, म्हणून पोच घ्याच.

शिक्का असूनही नाही म्हणतोय? मग घरातल्या कुणाचं तरी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलं असेल, ते दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनवरच होतं. आणि पावती मागून घ्या, तिच्यावर किलो छापलेले असतात. कमी भरले तर १९६७ला फोन लावा.