वारा सुटला की चेन्नईजवळच्या कोवलमला नी-बोर्ड (गुडघ्यावर बसून लाटा घ्यायचा बोर्ड) थडथडतो, तोल जातो. बोर्ड बदलू की उभं राहायला शिकू?

"उभं राहायला शिकू" हे वाचलं आणि राहवलं नाही. नागपूरचा माणूस समुद्राबद्दल काय सांगणार असं वाटत असेल तर पुढचं उत्तर वाचा. चेन्नईला जाणारी जीटी एक्सप्रेस आमच्याच स्टेशनवरून जाते.

माझा मामेभाऊ उभ्याने लाटा घेतो. "गुडघ्यावर बसून कोणी सर्फिंग करते का बे? सत्यनारायणाला बसला का?" हे तो धरमपेठेत चहाच्या टपरीवर चारचौघांत ऐकवायचा. मग एकदा दोघंही कोवलमला गेलो. पहाटे पाणी गुळगुळीत होतं तोवर भाऊ झकास चालवत होता, खोटं कशाला बोलू. ऊन चढलं, समुद्राकडून वारा आला आणि लाटेच्या अंगावर आडव्यातिडव्या बारक्या लाटा उठल्या. त्यानंतर भाऊ उठला की पडे. उठायला जो क्षण लागतो, नेमका त्यातच बोर्डाखाली उंचवटा यायचा. मला उठायचंच नव्हतं. पायात फिन्स (पोहायचे रबरी पंजे), दोन-चार जोरदार लाथा, लाट फुटायच्या आधीच तिच्यावर, आणि एक हात कडेला घट्ट. त्याच्या बाजूने गेलो तेव्हा साहेब नाकातलं पाणी काढत होते. रात्री जेवताना म्हणाला, "तुझा बोर्डच तसा आहे."

बोर्डाचा संबंध आहे, पण कमी. फार हलका बोर्ड अशा पाण्यात उसळतो, वजनदार कापत जातो. तळाला मागच्या बाजूला थोडा व्ही, म्हणजे मधून दोन्ही कडांकडे उतार, असला तर अजून बरं. पण तुमचं दुखणं बहुतेक बसण्यात आहे. उभा माणूस घोट्यांत आणि गुडघ्यांत धक्का जिरवतो. आपले हे सांधे आधीच दुमडलेले, उरते कंबर. टाचांवर सगळं वजन टाकून बसलात की तीही अडकली. पावसाळ्यात खड्ड्यातून स्कूटर काढताना सीटवरून अर्धवट उठतो ना, तसं बूड टाचांवरून बोटभर उचला. आणि बोर्ड सपाट चालवू नका, तळावर थापडा बसतात. एक कड पाण्यात रुतवून ठेवा, वळणं लांब घ्या.

गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर मात्र यातलं काही करू नका. बोर्डावर जाड पॅड हवाच. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात तिकडचा समुद्र नवख्यासाठी नाहीच. एरवीही पहाटे गेलात तर निम्मा प्रश्न उरतच नाही.

राहिलं उभं राहणं. 1966 साली सॅन दिएगोला नॅट यंग सर्फिंगमधला जगज्जेता झाला, उभ्यानेच. पण त्याच्या बोर्डाखालची फिन (तळाला लावलेलं माशाच्या परासारखं पातं) होती जॉर्ज ग्रीनोच्या डिझाइनची, आणि ग्रीनो लाटा घ्यायचा गुडघ्यावर. हे फुटाळा तलावावर भावाला सांगितलं तर म्हणतो, "मंग तो उभा काहून नाही राहिला?" अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. तुम्हालाही कोणी असं विचारलं तर वारा सुटेपर्यंत थांबा आणि त्याला पाण्यात बोलवा.