एकरकमी 40 लाख की दरमहा 25 हजार?

प्रश्न थोडक्यात असा: वय 38, ठाण्यात खासगी नोकरी, पगार 32 हजार. मुलगी 9 वर्षांची. परस्पर संमतीने घटस्फोट ठरतोय. व्यवसाय करणारे पती म्हणतात, ‘दरमहा 25 हजार घे, नाहीतर एकदाच 40 लाख, त्यात मुलीचंही सगळं आलं.’ काय स्वीकारावं?

आधी आकडे. 6.5 टक्के व्याज धरलं, तर 25 वर्षं न वाढणाऱ्या 25 हजारांचं आजचं मोल (म्हणजे ते सगळे हप्ते देता येतील अशी आज ठेवावी लागणारी रक्कम) सुमारे 37 लाख होतं. दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ लिहून घेतली, तर तेच 46 लाखांच्या आसपास जातं. म्हणजे कागदावर वाढीसह पोटगी सरस.

तरीही मी एकरकमी घ्या म्हणेन, कारण पतींचा व्यवसाय आहे. नोकरदाराच्या पगारातून पोटगी कापून घेण्याचा आदेश मिळू शकतो; धंद्याचं उत्पन्न कागदावर कमी दाखवता येतं. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम कमी करा, असा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली करता येतो. तुम्ही पुनर्विवाह केलात तर पोटगी बंदही होऊ शकते. थकबाकीसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा, हा त्रास वेगळाच.

कर इथे निर्णायक नाही. एकरकमी पोटगी भांडवली जमा, म्हणजे उत्पन्न नव्हे, अशी धरली जाते; तिच्यावर कर नाही. मासिक पोटगी उत्पन्नात मोजतात. पण पगार धरूनही तुमचं उत्पन्न सात लाखांच्या आतच राहतं आणि 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर लागत नाही.

माझी हरकत ‘मुलीचंही सगळं आलं’ या शब्दांना आहे. ते कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी संमतीच्या अटींमध्ये, येऊ देऊ नका. मुलीचा हक्क तिचा स्वतःचा आहे, आईला तो सोडून देता येत नाही. 40 लाख फक्त तुमचे. तिची शाळेची फी, क्लास, औषधपाणी आणि आरोग्यविमा वेगळ्या कलमात, वाढीसह लिहून घ्या. स्त्रीधन परत मिळणं हेही वेगळंच. ते 40 लाखांत वळतं करू देऊ नका.

पैसे कधी मिळतात, यावरही बरंच अवलंबून आहे. पुढच्या तारखांचे चेक घेऊ नका. निम्मी रक्कम अर्ज दाखल करतानाच डीडीने घ्या आणि उरलेला डीडी अंतिम जबाबाच्या दिवशी, कोर्टासमोर. घटस्फोटाचा हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. तेव्हा पहिल्या हप्त्याचं काय, हेही लिहून ठेवा.

रक्कम हातात आल्यावर एकाच बँकेत ठेवू नका. ठेवविम्याचं संरक्षण एका बँकेत व्याजासह 5 लाखांपर्यंतच आहे. सगळी ठेव 6.5 टक्क्यांनी लागली तर महिना सुमारे 21,600 रुपये व्याज येतं. ते पूर्ण खर्चलं तर मुद्दल महागाईने झिजेल. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून 10 ते 12 लाख इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाप्रमाणे गुंतवणारा म्युच्युअल फंड), वर्षभर हप्त्याहप्त्याने टाका.

आणि मुलीचं सुकन्या समृद्धी खातं दहावा वाढदिवस व्हायच्या आत उघडा. त्यानंतर ते उघडता येत नाही. घटस्फोटाची वाट पाहू नका, 250 रुपयांत खातं सुरू होतं.